छातीत पळणारा भाऊ

बीडजवळच्या पालीच्या वरच्या अंगाला बिंदुसरेचं धरण आहे. ते भरलेलं असलं की त्याच्या पोटात काय आहे याची कोणाला आठवण होत नाही. पण पावसानं दगा दिला की पाणी मागं मागं सरकत जातं आणि गाळातून एक जुना गाडीरस्ता वर येतो. धरण व्हायच्या आधीचा, खडी दाबून केलेला, मधे एक दगडी मोरी असलेला. आजूबाजूच्या गाळाला वीतभर भेगा पडलेल्या असतात, मेलेल्या माशांचा वास सुटलेला असतो, आणि त्या सगळ्यातून हा रस्ता पांढरा, सरळ जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी नुकताच झाडून ठेवलाय.

माझी मैत्रीण शिवकन्या या रस्त्यावर पळायची. तिचा थोरला भाऊ शहादेवसुद्धा इथंच पळायचा, पण तिच्या आधीच्या दुष्काळात. पोलीस भरतीची तयारी करत होता. एका सकाळी मोरीच्या जरा अलीकडं तो गुडघ्यावर आला, मग आडवा झाला आणि पुन्हा उठलाच नाही. ऊन लागलं असं गावानं ठरवलं. सूर्य तेव्हा डोंगराच्या वर पुरता आलेलाही नव्हता, पण दुसरं काही सुचेना म्हणून सगळ्यांनी तेच धरलं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलं. रस्ता बुडाला, मोरी बुडाली. शहादेवची आई बायनाकाकू धरणाच्या भिंतीवर येऊन नुसतीच पाण्याकडं बघत बसायची. पोरगं जिथं पडलं तिथं दोन फुलं ठेवावीत म्हटलं तर जागाच उरली नव्हती. तेव्हापासून तिनं धरणाचं पाणी तोंडाला लावलं नाही. मळ्यातल्या हातपंपावरून ती पिण्याचा हंडा वेगळा आणायची.

मग पुन्हा दुष्काळ पडला. हातपंप आटला, विहिरी आटल्या, धरणही आटलं. गावातल्या दूध संस्थेकडं दोन वेळचं मिळून एक कॅनही भरेना. संस्थेचे चेअरमन सुंदरराव तसे व्यवहारी माणूस. दूध नाही तर निदान जनावरं तरी जगवू म्हणून त्यांनी संस्थेच्या नावावर धरणाच्या काठाला चारा छावणी घेतली. हिरव्या जाळीचे मांडव पडले, ट्रॅक्टरनं ऊस यायला लागला, टँकर यायला लागला. माणसं जनावरांबरोबर तिथंच राहायला आली. शिवकन्याचे वडील रामकिसन, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो, ते छावणीत चारा वाटायच्या कामावर लागले. दोन म्हशी, एक बैलजोडी, एक बाज आणि चूल घेऊन हे तिघंही तिथं आले. आमचा मांडव त्यांच्या शेजारीच होता.

छावणीत आल्यावर दुसऱ्याच दिवशी बायनाकाकू गाळातून चालत मोरीपर्यंत गेली. भाकरीचा तुकडा, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवून आली. मग रोज जायला लागली. कोणी तिला अडवलं नाही.

भरती निघणार अशी हवा होतीच. फौजेतून निवृत्त झालेले त्रिंबक सर आम्हा पोरापोरींना सकाळी पळवायचे. शहादेवलाही त्यांनीच तयार केलं होतं. शिवकन्यानं एक दिवस येऊन मला विचारलं, "अयोध्या, मी आले तर सर हाकलून देतील का गं?"

"सर कशाला हाकलतील? तुझी माय हाकलंल."

मायनं हाकललं नाही. ती एवढंच म्हणाली, "पळायचं तर पळ. त्या रस्त्यानं नको."

पण पळायला दुसरी जागा नव्हती. गाळात पाय अडकायचा, हायवेवर ट्रकच ट्रक. शिवकन्या त्याच रस्त्यावर पळायला लागली आणि बायनाकाकू त्याबद्दल काही बोलली नाही. फक्त आम्ही पळायला निघालो की मांडवात पाठ फिरवून बसायची.

शिवकन्याची अंगकाठी लहान, पण दम मोठा. बोलायला शांत. भावाच्या मागं घरात जे बोलणं बंद झालं होतं ते तिनं तसंच अंगावर घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात ती एकदाही थांबली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं शहादेवचा पट्टा आणला.

तो पट्टा आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता. शहादेव जिल्ह्याच्या शर्यतीत पहिला आला तेव्हा दूध संस्थेच्या वार्षिक सभेत सुंदररावांनी त्याला तो भेट दिला होता, पुण्याहून मागवून. छातीला बांधायचा काळा पट्टा आणि मनगटाला घड्याळ. पळताना हृदयाचे ठोके मिनिटाला किती पडतात ते घड्याळात दिसायचं. शहादेव गेल्यावर ते दोन्ही पत्र्याच्या पेटीत पडून होतं. शिवकन्यानं बीडला जाऊन नवे सेल टाकून आणले आणि मायला न सांगता बांधलं.

पहिल्याच फेरीला घड्याळात दोनशे चौदा दिसलं. ती हसली, मला दाखवलं. तिला काही झालेलं नव्हतं, नीट बोलत होती. सरांनी घड्याळ बघितलं, हात झटकला.

"पट्टा कोरडा हाय. कोरडा पट्टा खोटं बोलतो," ते म्हणाले. "वरून हे नायलॉनचं बनियन. वाऱ्यानं फडफडलं, घासलं, की ह्याला वाटतं ठोकाच पडला. ओला करून बांधत जा."

ओला करायला पाणी कुठलं आणायचं? टँकरच्या पाण्यावर आधी जनावरांचा हक्क. शिवकन्या पट्ट्याची आतली बाजू जिभेनं ओली करायची आणि बांधायची. त्यानं फरक पडला. मग घड्याळ एकशे साठ, एकशे सत्तर असं शहाण्यासारखं दाखवायला लागलं. मी एकदा गंमत म्हणून बांधून बघितला तर माझेही तेवढेच. सर म्हणाले तेच खरं, असं वाटलं.

एवढ्यावर हे संपलं असतं, पण काही दिवसांनी पट्टा ओला असतानाही आकडा चढला. आम्ही शेवटच्या फेरीत होतो. एकशे सत्तरवरून तो थेट दोनशे पंचवीसवर गेला. मधे कुठं थांबला नाही. शिवकन्या माझ्या पुढं होती. तिनं वेग कमी केला नाही, फक्त तिचा एक हात छातीवर गेला. थोड्या वेळानं आकडा जसा चढला तसाच एकदम खाली आला.

थांबल्यावर तिचा चेहरा पांढरा झाला होता. मी विचारलं, "चक्कर येतीये का?"

"न्हाई." मग ती म्हणाली, "अयोध्या, मी माझी पळत होते. आन् छातीत कोणीतरी येगळंच पळत होतं. माझ्या पायाशी त्याचा काय संबंध नव्हता."

ती मोरीकडं बघत होती. मी तिकडं बघितलं नाही. शहादेव पडला तेव्हा मी तिथंच होते.

नंतर ते दर दोन-चार दिवसांनी व्हायला लागलं. नेमकं मोरीपाशीच व्हायचं असं नाही, पण शिवकन्याला तसं वाटायचं. ती म्हणायची, आपल्या मागं अर्ध्या पावलावर कोणीतरी पळतं, त्याच्या चपला वाजतात, आणि मग ते पुढं न जाता आतच शिरतं. शहादेव शेवटपर्यंत टायरच्या चपलेवरच पळायचा. मी तिला म्हटलं, असं मनात आणू नको. ती म्हणाली, "दादाबी म्हणायचा, माझं घड्याळ खुळं हाय, दोनशेच्या वर जातंय. आमी हसायचो."

हे ती मायला सांगणार नव्हती, पण मायनंच ते पकडलं. एका सकाळी शिवकन्या पळून आली ती मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. बायनाकाकू चुलीपुढून उठली, काय झालं म्हणून तिच्या छातीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. आत ठोके सैरावैरा पडत होते. काकूच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. मग भीती गेली आणि त्या जागी जे आलं ते मला बघवेना.

"कधीपासून हाय?" काकूनं विचारलं.

"पट्टा बांधल्यापासून."

"त्याचा पट्टा?"

शिवकन्यानं मान हलवली. काकूनं कान तिच्या छातीला लावला. म्हशी ऊस चावत होत्या, टँकरपाशी बायकांची भांडणं चालली होती, आणि ती बाई लेकीच्या छातीला कान लावून उभी होती. आतलं थांबलं तेव्हा तिनं डोकं वर केलं.

"पाण्यात गुदमरला होता," ती म्हणाली. "एवढी वर्षं. आता मोकळा झालाय."

दुसऱ्या दिवसापासून काकू पाठ फिरवून बसायची बंद झाली. आमच्या आधी उठून ती मोरीपाशी जाऊन थांबायची. शिवकन्या पळत आली की विचारायची, "आला का?" नाही म्हटलं तर म्हणायची, "अजून एक फेरी मार, बाई." आला असला तर हात लावून उभी राहायची. कधी कधी त्या छातीशी बोलायची. थोरली म्हैस आटली, शेजारच्या मळ्यातलं लिंबाचं झाड वाळलं, आप्पाचा गुडघा दुखतो, असं घरचं साधं बोलणं. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून इतके शब्द कोणी ऐकले नव्हते.

शिवकन्याला त्याची ओढ लागली. माय बोलायला लागली होती, जेवायला लागली होती. रात्रीची भाकरी स्वतःच्या हातानं तिला वाढत होती. एकदा ती मला म्हणाली, "दादा गेल्यापासून माय माझ्याकडं नीट बघत नव्हती. आता बघती. त्याच्यासाठी का होईना." ती फेऱ्या वाढवत गेली. डोळ्यांपुढं अंधारी यायची ते तिनं सांगायचं बंद केलं. एकदा ती रस्त्याच्या कडेला बसली आणि डोकं गुडघ्यात घालून म्हणाली, "काय न्हाई, बूट बांधतीये." तिच्या बुटाला नाडी नव्हती, वेल्क्रो होतं.

त्या दिवशी मी सरांकडं गेले. सर छावणीच्या नोंदीच्या टेबलापाशी चहा घेत होते. मी सगळं सांगितलं. पट्टा ओला असतो, मला बांधला तर बरोबर चालतो, तिचाच आकडा उडी मारतो, आणि शहादेवही हेच म्हणायचा. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे शिट्टी घेऊन टेकाडावर थांबले नाहीत. आमच्याबरोबर पळाले. त्या वयात, धापा टाकत. शिवकन्याचा आकडा चढला तेव्हा त्यांनी तिला हातानं धरून थांबवलं आणि दोन बोटं मानेवर ठेवली. दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडं बघत ते मोजायला लागले. थोडं मोजलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकलं. बोटाखालचे ठोके मोजण्यात येत नव्हते. मग त्यांनी बोटं काढली आणि रस्त्यावरच खाली बसले.

"घड्याळ खोटं न्हाई," ते म्हणाले.

मोरीपाशी थांबलेली काकू जवळ आली. "सर, उठा. तिला पळू द्या. तो आलाय."

"वहिनी, कोण आलाय?"

शिवकन्यानं सरांकडं बघितलं आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. "सर, दादाला हेच झालं होतं का?" तिनं विचारलं. सर खाली मान घालून खडे इकडून तिकडं सरकवत राहिले. त्यांना जे बोलायचं होतं ते सर त्या दिवशी बोलले नाहीत, आणि नंतरही कधी बोलल्याचं मला माहीत नाही. पण त्यानंतर त्यांनी कोणाला पळवलं नाही. शिट्टी त्यांनी दुसऱ्या पोराला देऊन टाकली.

आम्ही बीडला दवाखान्यात गेलो. शिवकन्या, काकू, आप्पा आणि मी. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला आडवं करून छातीला, हातापायांना वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली आणि बराच वेळ बघितली. पट्टीवरच्या रेघेत दर ठोक्याच्या सुरुवातीला एक छोटा उतार होता, तो त्यांनी आम्हाला बोटानं दाखवला.

"हृदयात ठोका पसरवायची एक वाट असते," ते म्हणाले. "हिच्यात जन्मापासून अजून एक आडवाट आहे. एरवी काही होत नाही. पळताना कधी ठोका त्या आडवाटेनं उलटा फिरतो आणि गोल गोल फिरत राहतो. म्हणून एकदम वाढतो आणि एकदम थांबतो. कधी हे साधं असतं, कधी जिवावर बेततं." मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "घरात कोणी तरुण वयात अचानक गेलंय का? पळताना, झोपेत, कसंही?"

"न्हाई," बायनाकाकू म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. मीही बघितलं. ती डॉक्टरांच्या मागच्या कॅलेंडरकडं बघत होती आणि तिचा आवाज अगदी साधा होता.

"भाऊ," शिवकन्या म्हणाली. "माझा भाऊ गेला. पळताना."

डॉक्टरांनी शहादेवबद्दल सगळं विचारून घेतलं. ते म्हणाले, त्याचं नक्की काय होतं हे आता सांगता येणार नाही, पण हिचा उपाय आहे. मांडीच्या शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत नेतात आणि ती आडवाट जाळून टाकतात. औरंगाबादला होतं, सरकारी योजनेत बसतं. तोवर पळायचं नाही, जड उचलायचं नाही.

"जाळतात म्हंजी?" काकूनं विचारलं.

"तेवढीच जागा, मावशी. तांदळाच्या दाण्याएवढी."

परत येताना एसटीत काकू खिडकीपाशी बसली होती. पालीच्या फाट्यावर उतरल्यावर रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "मी त्याला एकदा जाळलाय. पुन्यांदा जाळू देणार न्हाई."

त्यानंतरचे दिवस छावणीत वाईट गेले. काकू शिवकन्याला पळ म्हणत नव्हती, पण सकाळी मोरीपाशी जाऊन थांबतच होती. कोणी येत नव्हतं तरी ऊन चढेपर्यंत थांबायची. शिवकन्या मांडवात बाजेवर पडून जाळीकडं बघायची. एका दुपारी मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला भ्याव वाटतं. मरायचं न्हाई. ते जाळल्यावर आत एकटं वाटंल का काय, त्याचं." मी तिला समजावलं की डॉक्टर म्हणाले ते वायरीसारखं काहीतरी आहे, त्यात दादा नाही. ती म्हणाली, "मला कळतंय. पण कळून काय उपेग?"

आणि एक दिवस ती पळाली. कोणाला न सांगता, दुपारच्या उन्हात. पट्टासुद्धा बांधला नव्हता. छावणीतल्या एका गड्याला ती मोरीच्या अलीकडं पालथी दिसली. आप्पा चारा वाटत होते ते ऊस तिथंच टाकून धावले. आम्ही पोचलो तेव्हा तिनं डोळे उघडले होते, ओठ निळे पडले होते, आणि काकू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काकूचा हात तिच्या छातीवर नव्हता. तिनं तो तिच्या तोंडापुढं धरला होता, श्वास लागतो का बघायला.

आप्पा तसे चार शब्द बोलायचे तर तीन गिळणारे. ते काकूसमोर उकिडवे बसले.

"बायना," ते म्हणाले, "एक गेला. त्याला तू धरून बसलीस, मी काय बोललो न्हाई. ही मी तुला देणार न्हाई."

काकूनं लेकीचं डोकं उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि उठून उभी राहिली. "न्या," ती म्हणाली.

सुंदररावांनी संस्थेची जीप दिली. औरंगाबादला सरही आले, पण दवाखान्याच्या आवारातच थांबले, वर आले नाहीत.

आत काय झालं ते शिवकन्यानं मला नंतर सांगितलं. तिला भूल दिली नव्हती, फक्त मांडी बधिर केली होती. ती आडवाट शोधायला डॉक्टरांना ते ठोके मुद्दाम उठवावे लागतात. ठोके दाखवणारा पडदा बाजूला होता, यंत्राचा टिकटिक आवाज येत होता, आणि एकदम तो धावायला लागला. तिच्या छातीत, आणि बाहेर यंत्रातही. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा ते बाहेरून ऐकलं. "मी म्हणले, दादा, हळू," ती सांगत होती. "सिस्टर म्हणल्या, काय म्हणलीस गं? मी म्हणले काय न्हाई. मग डॉक्टर म्हणले, आता जरा गरम लागंल. लागलं. आन् मग यंत्र एकदम सावकाश चालायला लागलं. सगळे लई खूश झाले. मी तोंड भिंतीकडं केलं."

वॉर्डात आणल्यावर काकू पलंगापाशी आली. हात पुढं केला, मग थांबली. शिवकन्यानंच तिचा हात धरून छातीवर ठेवला. आत ठोका पडत होता. एक, मग दुसरा, सगळ्यांच्या छातीत पडतो तसा. काकू बराच वेळ ऐकत राहिली.

"गेला," ती म्हणाली.

"हो, माय."

"तू हायेस."

"हाय की."

काकूनं हात काढून घेतला आणि पदरानं तिचा घाम पुसला. एवढंच. पुढं छावणी उठेपर्यंत ती पुन्हा मुकी झाली, पण ते मुकेपण आधीच्यासारखं नव्हतं. ती लेकीकडं बघत बसायची. मध्येच दचकून तिला हाक मारायची आणि तिनं ओ दिली की पुन्हा गप्प व्हायची.

त्या वर्षी पाऊस अगदी उशिरा आला आणि धरण भरलं. भरती लांबत गेली. डॉक्टरांनी शिवकन्याला पळायची परवानगी दिली, ती पळालीही, मैदानी परीक्षेत चांगले गुण पडले, लेखीत मागं राहिली. मी पोलिसात लागले, ती नाही लागली. तिचं लग्न उमापूरला झालं. नवरा साधा आहे, शेती आणि म्हशी. दूध संस्थेचं वातावरण तिला माहेरापासून ठाऊक. तिथल्या बायकांना जमवून तिनं महिलांची दूध संस्था काढली आणि आता ती तिची सचिव आहे. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेते, दुधाची फॅट तपासते, बायकांची भांडणं सोडवते. हसते आता पुष्कळ. पण कधी कधी शेताच्या बांधानं एकटीच जोरात पळत जाते, असं तिचा नवरा मला एकदा म्हणाला. दम लागेपर्यंत पळते, मग छातीवर हात ठेवून उभी राहते, ऐकते, आणि परत येते. मी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी गेवराईला बंदोबस्ताला होते. ती मला भेटायला स्टँडवर आली, कडेवर दीड वर्षाची पोरगी. रसवंतीत बसलो. पोरीच्या झबल्याच्या गळ्यातून छातीवर वायरी चिकटवल्याचे गोल वळ दिसत होते.

"बीडला गेलते," ती म्हणाली. "हिच्या ठोक्यांची पट्टी काढून आणली. ते घराण्यात असू शकतं, डॉक्टर म्हणले होते ना."

"मग?"

"काय न्हाई हिच्यात. एकदम साफ. डॉक्टर म्हणले, बिनधास्त पळू द्या." तिनं पोरीच्या तोंडाला लागलेला रस पुसला. "लई बरं वाटलं गं. जीव भांड्यात पडला. आन् बाहेर येऊन पायरीवर बसले आन् रडले. कावून ते मला कळंना. हिचे बाबा म्हणाले, चांगलं झालं तर रडतीस कावून? मी काय सांगू?"

ग्लासातला बर्फ विरघळत होता.

"मायला फोन केला," ती पुढं म्हणाली. "माय लगीच म्हणली, काय निघालं? मी म्हणले, काय न्हाई निघालं. मग ती कितीतरी वेळ बोललीच न्हाई. मला वाटलं लाईन कटली. मी हॅलो हॅलो केलं."

"मग काय म्हणाली?"

"बरं झालं म्हणली. आन् इचारलं, पोरगी जेवली का."

तिच्या एसटीची वेळ झाली होती. तिनं पोरगी काखेत सरळ केली, पदर खोचला आणि गर्दीतून वाट काढत निघाली. पोरगी तिच्या खांद्यावरून मागं बघत होती. माझ्याकडं नव्हे, माझ्या जरा बाजूला, जिथं कोणी नव्हतं. लहान पोरं बघतात तशी.